जुने ते सोने; पण कोणत्या भावाने?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

‘जुने ते सोने’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण सोने फुकट मिळत नाही, ते भाव विचारून आणि तोलून घ्यावे लागते, एवढे मात्र ती म्हण सांगत नाही. जुन्याला एकदा सोने म्हटले की त्याचा भाव कोणी आणि कशावरून ठरवायचा, हा प्रश्न उभा राहतोच. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका वेगळ्या क्षेत्रातील उदाहरणे घेऊन करावयाचा आहे. ते क्षेत्र म्हणजे व्हिडिओ गेम.

हा शब्द वाचून काही वाचकांच्या, विशेषतः आमच्या गुरुजनांच्या कपाळाला आठी पडेल, याची मला कल्पना आहे. वार्षिकांकात कथा असावी, कविता असावी, फार तर एखाद्या सहलीचे वर्णन असावे. खेळांची चर्चा कशाला? परंतु एके काळी सिनेमाबद्दलही घराघरांत असेच बोलले जात असे. पुढे त्याच सिनेमाच्या जुन्या प्रती जपण्यासाठी १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. व्हिडिओ गेममध्येही चित्र आहे, संगीत आहे, कथा आहे आणि शेकडो माणसांचे श्रम आहेत. तेव्हा ती आठी थोडा वेळ बाजूला ठेवून वाचावे, ही नम्र विनंती.

आबांचा प्रश्न आणि दादाचे उत्तर

गोष्ट २०२१ च्या दिवाळीची आहे. माझा मोठा भाऊ चाकणच्या एका कारखान्यातून सुटी घेऊन गावी आला होता. आमचे गाव मुखेड तालुक्यात. दादा बारावीनंतर कामाला लागला, म्हणून तर आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली ठरले.

लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही दोघे नांदेडला मामाकडे येत असू. दुपारी उन्हात बाहेर जायची बंदी. मामाच्या घरी एक जुना संगणक होता आणि त्यावर ‘जीटीए व्हाइस सिटी’ हा २००२ साली निघालेला खेळ चालत असे. दादा खेळायचा आणि मी शेजारी बसून “इकडं वळ, तिकडं वळ” असे सांगायची. खेळ मारामारीचा होता, हे मान्य करते. पण आम्ही बराच वेळ नुसती गाडी घेऊन त्या शहरातून फिरत असू. शहर समुद्रकाठचे होते. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो मामाच्या घरच्या त्या पडद्यावर.

त्या दिवाळीत दादाने बातमी आणली की, ‘व्हाइस सिटी’सह त्या मालिकेतील तीन जुन्या खेळांची नवी, चकचकीत आवृत्ती ११ नोव्हेंबरला निघणार आहे. किंमत साठ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण साडेचार हजार रुपये. दादाचा तेव्हाचा पगार महिना बारा हजार होता. म्हणजे अकरा दिवसांची मजुरी झाली.

आमचे आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, हे सगळे ऐकत ओट्यावर बसले होते. आबांचा धंदा कल्हईचा. मुखेड, कंधार आणि आसपासच्या आठवडी बाजारांत भाता आणि कथील घेऊन त्यांनी उमेदीची वर्षे काढली. त्यांनी विचारले, “म्हंजे जुन्यालाच कल्हई लावली म्हन की. मग कल्हईचे पैसे घ्या ना. भांड्याचे बी कामून मागायलेत?”

दादा हसून म्हणाला, “आबा, भांडं तरी आपण कुठं इकत घेतलं व्हतं?”

ते खरेच होते. मामाकडचा तो खेळ नकली सीडीवरचा होता. तीस-चाळीस रुपयांत मिळालेल्या त्या सीडीतला एक पैसाही मूळ खेळ बनवणाऱ्यांपर्यंत पोहोचला नसणार. आबा यावर काही बोलले नाहीत. भांडे कल्हई करून घेऊन “पुढल्या बाजारी देतो” म्हणणारी गिऱ्हाइके त्यांनीही पाहिली होती.

आबांचा प्रश्न आणि दादाचे उत्तर ही दोन्ही माझ्या मनात राहून गेली. या लेखाचा उगम त्यातच आहे.

तीन शब्द, तीन कामे

जुना खेळ नव्याने बाजारात येतो तेव्हा त्याला तीनपैकी एक नाव दिले जाते. ही नावे नीट समजून घेतली नाहीत तर किमतीचा विचार करताच येत नाही.

पहिले नाव ‘पोर्ट’. जुना खेळ ज्या यंत्रासाठी बनवला होता, त्याऐवजी दुसऱ्या यंत्रावर तो चालेल अशी सोय करणे म्हणजे पोर्ट. आबांच्या भाषेत सांगायचे तर भांडे तेच, फक्त चुलीवरून उचलून गॅसवर ठेवले.

दुसरे नाव ‘रीमास्टर’. यात खेळाचा सांगाडा जुनाच राहतो. चित्रे अधिक स्पष्ट करतात, आवाज स्वच्छ करतात, मोठ्या पडद्यावर नीट दिसेल असे बघतात. ही झाली कल्हई.

तिसरे नाव ‘रीमेक’. यात जुन्या खेळाची कथा आणि कल्पना घेऊन बाकी सगळे पुन्हा नव्याने घडवतात. हे म्हणजे जुने भांडे मोडीत घालून त्याच घाटाचे नवे ओतून घेणे.

या तिन्हींना लागणारे श्रम सारखे नाहीत, म्हणून किंमतही सारखी असता कामा नये. अडचण अशी की, बाजारात हे शब्द सैलपणे वापरले जातात. कल्हई करून ओतकामाचे पैसे मागितले जातात, तेव्हा गिऱ्हाईक चिडते.

कल्हई कशासाठी असते?

इथे आबांच्या धंद्यातील एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. पुष्कळांना वाटते की, कल्हई ही भांडे चकाकण्यासाठी असते. तसे नाही. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात ताक, आमटी किंवा चिंचेचे काही ठेवले की ते कळकते. असे अन्न खाणे अपायकारक असते. म्हणून भांडे तापवायचे, त्यात नवसागर टाकायचा, कथील फिरवायचे आणि चिंधीने ते आतून सर्वत्र सारखे पसरवायचे. चकाकी येते खरी. पण भांडे स्वयंपाकाला पुन्हा वापरता यावे, हा मूळ हेतू. बाहेरून चिंच लावून घासलेले भांडेही चकाकते, पण त्यात शिजवता येत नाही.

जुन्या खेळांनाही असेच कळकण्याचे दुखणे असते. ज्या यंत्रासाठी ते लिहिले गेले ती यंत्रे बंद पडतात. नव्या संगणकावर खेळ सुरूच होत नाही, किंवा सुरू झाला तर चित्र फाटते, आवाज अडखळतो. हा प्रश्न केवढा मोठा आहे, हे २०२३ साली अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून कळते. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात सरळ मार्गाने विकत मिळेनासे झाले आहेत, असे त्यात दिसून आले. पुस्तकांच्या बाबतीत असे झाले असते तर आपण हाहाकार केला असता.

खेळ जुना करण्याचे कामही वाटते तितके सोपे नसते. मुळात जुने साहित्य हाताशी असावे लागते, आणि तेच अनेकदा नसते. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा प्रसिद्ध खेळ जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने १९८९ साली काढला. राजपुत्राच्या धावण्या-उडी मारण्यात जिवंतपणा यावा म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत धावायला लावून त्याचे चित्रण केले होते आणि त्यावरून एकेक चित्र उतरवले होते. या खेळाचा मूळ कोड, म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांची संहिता, पुढे हरवली. ती सापडली २०१२ साली, मेकनरच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात, जुन्या फ्लॉपींवर. घरातल्या माळ्यावर आजोबांची वही सापडावी तसेच हे झाले. पण प्रत्येक खेळाला असे वडील आणि असे खोके लाभत नाही. ‘सायलेंट हिल’ मालिकेतील दोन खेळांची नवी आवृत्ती २०१२ मध्ये निघाली, तेव्हा कंपनीकडे पूर्ण झालेला कोड उरलेलाच नव्हता. अर्धवट संहितेवरून काम करावे लागले आणि त्यात पुष्कळ दोष राहिले.

तात्पर्य, प्रामाणिकपणे केलेल्या कल्हईला श्रम लागतात आणि श्रमांना दाम द्यावा लागतो. ‘जुनेच तर आहे, मग फुकट द्या’ हे म्हणणे कल्हईवाल्याच्या नातीला तरी पटणार नाही.

फसलेली कल्हई

पण श्रम न करताच दाम मागितला तर? दादाने ज्या खेळाची बातमी आणली होती, त्याच खेळाचे उदाहरण घेऊ.

तीन जुन्या खेळांची ती नवी आवृत्ती ठरल्या दिवशी बाजारात आली आणि लोक संतापले. पाऊस असा दिसे की पुढचा रस्ताच दिसू नये. माणसांचे चेहरे विचित्र झाले होते. दुकानांच्या पाट्या यंत्राकडून आपोआप स्पष्ट करून घेतल्यामुळे काही पाट्यांवरची अक्षरेच चुकली. सर्वांत बोलके उदाहरण एका दुकानाच्या पाटीचे आहे. त्या दुकानाच्या नावातच ‘नट’ हा शब्द होता आणि पाटीवर बोल्टला लावतात तो सहा कोनांचा नट होता. नव्या आवृत्तीत त्याचे कोपरे घासून तो गुळगुळीत गोल करण्यात आला! ती वस्तू काय आहे आणि तिथे का आहे, हे समजून न घेताच कोणी तरी किंवा कशाने तरी तिला ‘सुधारले’ होते. जुन्या खेळातील काही गाणीही हक्कांच्या कारणाने नव्या आवृत्तीत नव्हती.

याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. नवी आवृत्ती विकली जावी म्हणून कंपनीने जुने खेळ विक्रीतून काढून घेतले होते. लोकांची ओरड झाल्यावर रॉकस्टार कंपनीने १९ नोव्हेंबर २०२१ रोजी जाहीर माफी मागितली आणि जुन्या आवृत्त्या संगणकासाठी पुन्हा उपलब्ध केल्या. पुढे दुरुस्त्या होत गेल्या. प्रकाश जुन्या खेळासारखा दिसावा अशी मोठी सुधारणा नोव्हेंबर २०२४ मध्ये, म्हणजे तीन वर्षांनी आली.

ब्लिझार्ड कंपनीच्या ‘वॉरक्राफ्ट ३’ चे असेच झाले. २००२ च्या या खेळाची नवी आवृत्ती जानेवारी २०२० मध्ये तीस डॉलरला निघाली. आधी दाखवलेली नवी दृश्ये त्यात नव्हती. शिवाय ज्यांनी जुना खेळ पैसे देऊन घेतला होता, त्यांनाही इतरांबरोबर खेळायचे तर नव्या आवृत्तीचा भलामोठा संच उतरवून घेणे भाग पडले. शेवटी कंपनीने पैसे परत देण्याची सोय केली. इथे आबांचा प्रश्न चपखल बसतो. कल्हई लावून घ्यायची की नाही हे भांड्याच्या मालकाने ठरवावे. न विचारता कोणी आपले भांडे उचलून नेले आणि वर तेच सुधारल्याचे सांगितले, तर त्याला कल्हई म्हणत नाहीत.

हिंदी सिनेमात एक चांगले उदाहरण आहे. १९६० चा ‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्ये संपूर्ण रंगीत करून पुन्हा प्रदर्शित झाला. कोणाला रंगीत आवडला, कोणाला नाही. पण मूळ कृष्णधवल चित्रपट त्यामुळे नाहीसा झाला नाही. ज्याला जो पाहायचा तो त्याने पाहावा. जुने जागेवर ठेवून नवे देणे, हीच सभ्य रीत होय.

पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंची गोष्ट

हे सगळे सातासमुद्रापलीकडचे झाले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो आपल्या महाराष्ट्राचाच आहे.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ मालिकेतील ‘द सँड्स ऑफ टाइम’ हा खेळ युबिसॉफ्ट कंपनीच्या कॅनडातील मॉन्ट्रियल स्टुडिओने २००३ मध्ये बनवला. त्यातील राजपुत्राजवळ एक खंजीर असतो आणि त्याच्या साहाय्याने त्याला काळ थोडा मागे फिरवता येतो. चुकून दरीत पडला तर काळ मागे घ्यायचा आणि उडी पुन्हा मारायची. या खेळाची कथा सुरू होते ती एका भारतीय महाराजाच्या राजवाड्यात.

सप्टेंबर २०२० मध्ये युबिसॉफ्टने जाहीर केले की, या खेळाचा रीमेक होणार आहे आणि तो करणार आहेत कंपनीचे पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओ. किंमत चाळीस डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे तीन हजार रुपये. तारीख २१ जानेवारी २०२१. तोवर भारतातील अशा स्टुडिओंकडे बहुतेक दुसऱ्यांच्या खेळांत हातभार लावण्याची कामे असत. एवढा नावाजलेला खेळ आपल्या जबाबदारीवर घडवण्याची ही मोठी संधी होती.

परंतु पहिली झलक पाहूनच जगभरच्या खेळाडूंनी नाके मुरडली. चित्रे जुनाट दिसतात, चेहरे निर्जीव वाटतात, असे म्हटले गेले. प्रकाशनाची तारीख आधी मार्च २०२१ वर गेली आणि फेब्रुवारीत बेमुदत लांबली. मे २०२२ मध्ये काम पुणे-मुंबईकडून काढून मॉन्ट्रियलच्या मूळ स्टुडिओकडे देण्यात आले. आणि अखेर जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने तो खेळ रद्दच केला.

ही हकिकत वाचून मला वाईट वाटले. माझा दादा पुणे जिल्ह्यातल्याच एका कारखान्यात रात्रपाळी करत असताना, तिथून काही कोसांवर त्याच्याच वयाची मुले संगणकापुढे बसून तो राजपुत्र घडवत असतील. त्यांची वर्षे त्या कामात गेली आणि ते काम लोकांच्या हाती पडलेच नाही. खेळातल्या राजपुत्राला काळ मागे फिरवता येतो, त्यांना तो येत नव्हता.

पण या हकिकतीतून किमतीच्या प्रश्नावर प्रकाश पडतो. रीमेक म्हणजे जुन्यावर हात फिरवणे नव्हे. वीस वर्षांपूर्वीच्या खेळाची आठवण लोकांच्या मनात असते, आणि आठवणीतला खेळ प्रत्यक्षातल्या खेळापेक्षा नेहमीच सुंदर असतो. नव्याची तुलना त्या आठवणीशी होते. तिथपर्यंत पोहोचायचे तर वेळ, पैसा आणि अनुभवी माणसे, तिन्ही लागतात. चाळीस डॉलर ही किंमत ऐकायला कमी वाटली, तरी एवढ्या मोठ्या कामात ती पुरली असती का, हा प्रश्नच आहे. म्हणजे किंमत जशी अवाजवी जास्त असू शकते, तशी ती कामाचा अंदाज न घेता ठरवलेलीही असू शकते.

भाव कोणाला परवडतो?

आता ज्या गोष्टीकडे मोठ्या शहरांतील चर्चेत फारसे कोणी पाहत नाही, त्या गोष्टीकडे येते. खेळाची किंमत म्हणजे केवळ त्या खेळावर छापलेली किंमत नव्हे.

मूळ ‘व्हाइस सिटी’ला १२८ एमबी रॅम पुरत असे. संगणकात सुमारे ९०० एमबी जागा असली की काम भागे. नव्या तीन खेळांच्या संचाला किमान ८ जीबी रॅम आणि ४५ जीबी जागा हवी होती. म्हणजे रॅमच चौसष्ट पटींनी वाढली. मामाच्या संगणकाची रॅम २ जीबी होती. साडेचार हजारांचा खेळ घ्यायचा तर त्यासाठी आधी तीस-चाळीस हजारांचा संगणक घ्यावा लागला असता. एवढा मोठा खेळ इंटरनेटवरून उतरवायला आमच्या गावी किती दिवस लागले असते, ते वेगळेच.

जुन्या खेळाचा मोठा गुण हाच असतो की, तो आता गरिबाच्या यंत्रावरही चालतो. वीस वर्षांपूर्वी जे श्रीमंतांच्या मुलांनी खेळले, ते आज तालुक्याच्या गावच्या मुलाला जुन्या संगणकावर खेळता येते. नवी आवृत्ती काढताना जुनी काढून घेतली की, हे दार बंद होते. ज्याच्यापाशी नवे यंत्र नाही, त्याच्यापुढे मग नकली सीडीचा रस्ता तेवढा उरतो. आम्ही तोच रस्ता धरला होता. त्याचे मी समर्थन करत नाही. पण सरळ दार बंद करणाऱ्यांनी मागच्या दाराने येणाऱ्यांना दोष देताना थोडा विचार करावा.

मग किंमत योग्य की अयोग्य?

आतापर्यंतच्या विवेचनावरून मला तीन कसोट्या सुचतात.

पहिली कसोटी अशी की, भांडे वापरात आले का? ‘टूम रेडर’ मालिकेतील पहिले तीन खेळ फेब्रुवारी २०२४ मध्ये एकत्र, तीस डॉलरला निघाले. त्यात एक कळ दाबली की नवे चित्र जाऊन जुने चित्र दिसते, पुन्हा दाबली की नवे. जुने आणि नवे एकाच संचात आहे आणि तिन्ही खेळ आजच्या यंत्रांवर चालतात. ही खरी कल्हई होय.

दुसरी कसोटी कामाची. हे काम भांड्याची पारख असणाऱ्याने केले का? १९९९ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स २’ चे उदाहरण बोलके आहे. या खेळाच्या काही चाहत्यांनी हौसेने त्यात भर घालायला सुरुवात केली. पुढे त्यांनाच अधिकृत काम मिळाले आणि २०१३ मध्ये त्यांच्या हातून निघालेल्या भागात भारतीयांचा समावेश झाला. २०१९ मध्ये वीस डॉलरला निघालेल्या नव्या आवृत्तीतही त्यांचा मोठा वाटा होता. २०२२ च्या पुरवणीत ‘भारतीय’ अशी एकच मोट न बांधता हिंदुस्तानी, द्रविड, बंगाली आणि गुर्जर असे वेगवेगळे गट करण्यात आले. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला हे विशेष वाटले. ज्याला नटाचे सहा कोन का आहेत ते ठाऊक आहे, अशाच हाताने ही सुधारणा होऊ शकते.

तिसरी कसोटी, जुन्या गिऱ्हाइकाला मोड मिळते का? तांबटाकडे जुने भांडे दिले की त्याचे पैसे वळते करून नवे मिळते. ‘स्कायरिम’ हा २०११ चा खेळ २०१६ मध्ये नव्या रूपात आला, तेव्हा संगणकावर मूळ खेळ सर्व पुरवण्यांसह घेतलेल्यांना तो फुकट देण्यात आला. याच्या उलट ‘द लास्ट ऑफ अस’ हा खेळ २०१३ मध्ये निघाला, २०१४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली आणि २०२२ मध्ये तो पुन्हा नव्याने सत्तर डॉलरला विकायला आला. नऊ वर्षांत एकच गोष्ट तीनदा! मात्र या तिसऱ्या आवृत्तीबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. दृष्टिहीन खेळाडूंना पडद्यावर काय चालले आहे ते शब्दांत सांगणारा आवाज त्यात घातला होता. डोळस माणसाला जी किंमत उधळपट्टी वाटेल, तीच किंमत ज्याला हा खेळ पूर्वी खेळताच आला नव्हता त्याला रास्त वाटू शकेल. म्हणून ‘कोणासाठी?’ हे विचारल्याशिवाय किंमतीवर निकाल देऊ नये.

या तीन कसोट्या लावून माझे मत असे झाले आहे की, चकाकीसाठी पैसे देऊ नयेत, भांडे वापरात राहावे म्हणून जरूर द्यावेत. जिथे जुने जागेवर ठेवून, जाणत्या हाताने, आजच्या यंत्रावर ते चालते केले आहे, तिथे किंमत योग्य. जिथे जुने लपवून त्याच्या जागी रंगवलेले विकले जाते, तिथे ती कितीही कमी असली तरी अयोग्यच.

शेवटी

त्या दिवाळीत आम्ही तो खेळ घेतला नाही. दादाचे पैसे माझ्या दहावीच्या शिकवणीला गेले. पुढे मी नांदेडला शिकायला आले, ‘कमवा व शिका’ योजनेत काम करू लागले. गेल्या वर्षी सवलतीच्या दिवसांत मी ‘एज ऑफ एम्पायर्स २’ ची नवी आवृत्ती मामेभावाच्या लॅपटॉपवर विकत घेतली. आमच्या घरात रीतसर पैसे देऊन घेतलेला हा पहिला खेळ. दादा सुटीवर आला तेव्हा तो खेळला आणि मी सवयीने शेजारी बसून “इकडं वळ” म्हणाले.

ही हकिकत मी आबांना सांगितली. ते आता थकले आहेत. स्टीलची भांडी आली आणि भाता कधीच माळ्यावर गेला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “भांडं आता तुझ्याच घरी ऱ्हातंय न्हवं?”

मला पटकन ‘होय’ म्हणता आले नाही. कारण असे खेळ विकत घेताना आपण वस्तू घेत नाही, ती वापरण्याचा परवाना घेतो. ‘द क्रू’ नावाचा खेळ कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला, तेव्हा पैसे देऊन घेतलेल्यांनाही तो खेळता येईना. कॅलिफोर्निया राज्यात तर १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू झाला की, विक्रेत्याने ही गोष्ट गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे असे स्पष्ट सांगणारे कोणी मला भेटले नाही.

मी आबांना एवढेच म्हणाले, “सध्या तरी ऱ्हातंय.”

आबांनी मान हलवली. त्यांच्या मागे फडताळात आजीचे पितळी पातेले होते. त्याची कल्हई उडाली आहे, पण ते आमचे आहे.